दगडाला लावलेलं उटणं

सुलक्षणा : म्हणजे नुसता पुसला नाहीस. पुसण्याच्या आधी काय केलंस, ते सांग.

कुंदाबाई : सकायपासून तू हेच इचारू राह्यली, माय. आल्यापासून ना चहा पेली, ना पोरीले धड घेतलं. त्या दगडाची एवढी चौकशी कशाले? धर चिऊले. तिच्या आंघोयीचं पानी तापलं, मी पीठ भिजवते.

सुलक्षणा : पीठ राहू दे, आई. बस इथे.

डिंपल : मम्मी, बसा ना. ताई पुण्याहून आल्यात त्या बसमध्ये उभ्या राहून. मी तर म्हटलं, धुळ्याला जिजाजींकडे उतरतील आधी. तर सरळ इकडे, फैजपूरला. काहीतरी मोठं असल्याशिवाय कुणी नवऱ्याचं गाव सोडून पुढे येतं का?

कुंदाबाई : तू गप व डिंपल. भांडून-बिंडून आली का सुली? खरं सांग.

सुलक्षणा : कुणाशी भांडले नाही. आई, थोड्या वेळात माझ्या पुण्याच्या सरांचा फोन येईल. ते मला एकच विचारणार आहेत, की आभाळातून पडला तेव्हापासून प्रयोगशाळेत येईपर्यंत त्या दगडाला कुणी काही लावलं का. मी ‘नाही’ म्हटलं, तर सोमवारपासून मी परत पूर्ण वेळ कामावर. तो दगड माझ्या नावावर, आणि पुढचं सगळं कामही. ‘हो’ म्हटलं, तर दगड बाजूला आणि मीही बाजूला. म्हणून विचारतेय.

कुंदाबाई : मंग नही म्हन ना. त्यात काय?

सुलक्षणा : म्हणणारच होते. म्हटलंही होतं आधी एकदा, न विचारता. आता तुला विचारून म्हणायचंय.

डिंपल : ताई, तुमचा चेहरा बघूनच मला कळलं, बठ्ठं, सगळंच उलटं शे.

कुंदाबाई : आली मोठी दोंडाईच्याची. तिचं ‘शे’ काही सुटत नही. आयक मंग सुली. शेतावरच्या झिपरूनानानं आनला तो. आपल्या केयीच्या बागात घडासकट एक झाड आडवं करून पडला व्हता. सकायी नाना पानी द्याले गेला, तं झाड लोयेलं, आन बुडाशी हा काया गोया. त्याले वाटलं, कोन्या पोरानं मारला. पन एवढा जड दगड कोन पोरगं फेकीन? मंग चाऱ्याच्या टोपलीत घालून आनला बिचाऱ्यानं.

सुलक्षणा : चाऱ्यावर.

कुंदाबाई : मंग काय गादीवर आनंन? अंगनात आनला, तं त्याले वास येत व्हता. फटाके उडवल्यावर येते तसा.

सुलक्षणा : तो वास मला आतपर्यंत आला होता, आई. मी खाटेवर. चिऊला पाजत होते. तुला म्हटलं, मला एकदा बघू दे. तू दारात आडवी उभी राहिलीस.

कुंदाबाई : मंग? पाचवी नुसती पुजली व्हती. ओल्या बायंतिनीनं उंबरा ओलांडावा का? वारं लागलं असतं म्हंजे? आन तो आभायातून पडेल. कशाचा, कोनाचा, काय मालूम.

सुलक्षणा : खोली आणि अंगण, एवढंच अंतर होतं. जो दगड बघायला मिळावा म्हणून मी एवढी शिकले, तो आपणहून माझ्या बाळंतपणाला माहेरी आला. आणि मी दोरीवरच्या दुपट्यांच्या मधून अंगण बघत बसले.

कुंदाबाई : तूच म्हनली व्हती.

सुलक्षणा : काय म्हणाले होते मी?

कुंदाबाई : खाटेवरून वरडून सांगितलं, ‘आई, त्याला जप. माझ्या चिऊसारखा जप.’ डिंपल साक्षीले हाये.

डिंपल : म्हणाल्या होत्या, ताई. तुम्ही रडत पण होत्या. मला वाटलं, टाके दुखताहेत.

सुलक्षणा : म्हणाले असेन.

कुंदाबाई : असेन नही, म्हनली. मी जपला.

सुलक्षणा : चिऊसारखा?

कुंदाबाई : चिऊसारखा.

सुलक्षणा : आई... त्याला आंघोळ घातलीस?

कुंदाबाई : आता तू अशी पाहू नको माह्याकडं. पह्यले पूर्न आयक. दुपारी शेजारची लताबाई आली, तिच्यामांगं सारी गल्ली. लताबाई म्हने, कुंदे, बायंतिनीच्या घरी आभायातून कायं पडलं, हे काही चांगलं नही. पोरीवर येईन. आताच्या आता तापीत टाकून ये. हितेंद्रबी तयार झाला. मोटरसायकल चालू केली त्यानं.

डिंपल : केली होती, ताई. किक मारून उभे होते हे. दगड पिशवीत.

सुलक्षणा : दादा? दादा टाकायला निघाला होता?

कुंदाबाई : त्याची भाची व्हती ना घरात, पाच-सा दिसाची. त्याचं काय चुकलं? पन तू म्हनली व्हती जप. आता तापीत टाकला तं तुले काय सांगू, आन ठेवला तं गल्लीले काय सांगू? मंग मी म्हनलं, थांबा. आभायातून पडला म्हंजे तोबी जल्मलाच ना. जल्मलेल्याले जे करते ते करते मी. न्हाऊ घातला, धुरी देली, दृष्ट काढली, म्हंजे झाला तो घरचा. घरच्याची बाधा घरच्याले व्हत नही. हे आयकलं, तवा लताबाई माघारी गेली.

सुलक्षणा : कशानं न्हाऊ घातलास?

कुंदाबाई : जे चिऊले लावलं, त्यानंच. एकाच वाटीतलं. डायीचं पीठ, दूध, हयद. पह्यले तेलाचा हात फिरवला.

सुलक्षणा : दूध. हळद.

कुंदाबाई : साय व्हती दुधावर, सायीसकट. चांगलं चोयलं. भेगा व्हत्या त्याले, भेगेत माती असंन म्हनून बोट घालून चोयलं. मंग मांगच्या मोरीत ऊन पानी.

डिंपल : आणि तीट.

कुंदाबाई : हो, तीट लावली काजयाची.

डिंपल : काळ्या दगडाला काळी तीट! मी इतकी हसले, ताई. मम्मी म्हणतात, तुला दिसत नसली तरी दृष्टीला दिसते.

सुलक्षणा : मग धुरी.

कुंदाबाई : ओवा, बायंतशोपा, लसनाची टरफलं. तुह्या खाटेखाली ठेवली तीच शेगडी. मंग डिंपलनं चांदीच्या कागदात गुंडायला, तू सांगितला व्हता तसा.

सुलक्षणा : फॉईलमध्ये गुंडाळायचा तो आधी, वहिनी. काही न लावता.

डिंपल : तुम्ही म्हटलं फॉईलमध्ये गुंडाळ. गुंडाळला ना. नवा रोल फोडला त्यासाठी. आंघोळीच्या आधी गुंडाळून आंघोळ कशी घालणार, सांगा.

सुलक्षणा : बरोबर आहे तुझं.

डिंपल : ताई, हसता की रडता? मला कळत नाही आहे.

सुलक्षणा : सव्वा महिन्यानं मी तो हातात घेतला, तेव्हा किती चकचकीत दिसला मला. असे दगड आभाळातून जळत येतात, वरून काळं काचेसारखं कवच धरतं. मी म्हटलं, काय सुंदर कवच आहे. ते तेल होतं, आई. करडईचं तेल.

कुंदाबाई : शेंगदान्याचं. करडईचं संपलं व्हतं. पन बाई, एवढं काय बिघडलं? देवाच्या मूर्तीले दूध घालते, तेल लावते, ती काय बिघडते? दगड तो दगड. धुवून टाका म्हना.

सुलक्षणा : तसं नाही ग. तुला आपली जुनी वखार आठवते? आबांची?

कुंदाबाई : केयी पिकवायची? वा, नही आठवंन? तिच्याच भितीले टेकून तू अभ्यास करत व्हती.

सुलक्षणा : आबा कडी काढायचे नाहीत. दाराच्या फटीला नाक लावायचे आणि सांगायचे, पिकली, किंवा उद्या पिकेल. आत काय चाललंय, ते त्यांना बाहेर येणाऱ्या वासावरून कळायचं.

कुंदाबाई : कधी चुकला नही तो मानूस.

सुलक्षणा : माझं काम तेच आहे. आभाळात इतके ग्रह आहेत, तिथे जाऊन कडी काढता येत नाही. मग त्यांच्या हवेत काय मिसळलंय ते लांबून ओळखायचं. कुठे जीव असला, तर तो काहीतरी खाईल, काहीतरी टाकेल, आपल्या केळीसारखा वास सोडेल. आणि कधी एखादा दगड तिकडून आपणच चालत आला, तर त्याला फोडून बघायचं, की आत जिवाचं काही आहे का.

कुंदाबाई : हे तू मले कधी सांगितलं नही.

सुलक्षणा : नाही सांगितलं.

कुंदाबाई : मी इचारलं व्हतं. तुह्या लग्नाच्या आधी. तू म्हनली, आई, तुला नाही कळणार ते.

सुलक्षणा : म्हटलं होतं.

कुंदाबाई : आता कयलं की. वखारीचं तं कोनालेबी कयंन.

डिंपल : मग ताई, त्या दगडात सापडलं का काही?

सुलक्षणा : सापडलं. तेच तर. बघ, शरीर ज्या बारीक मण्यांचं बनतं ना, ते मणी दोन तऱ्हेचे असतात, डावे आणि उजवे. आपल्या दोन हातांसारखे. दगडात ते आपोआप तयार झाले, तर दोन्ही जवळजवळ सारखेच निघतात. पण जिवंत वस्तू एकाच तऱ्हेचे वापरते. झाड, गाय, माणूस, सगळ्यांत डावेच. आणि आपल्या दगडात निघाले, ते जवळपास सगळे डावे.

डिंपल : म्हणजे वर कुणीतरी होतं?

सुलक्षणा : एक तर वर कुणीतरी होतं. नाहीतर खालचं कुणीतरी त्याला भिडलं होतं. सर काही वेडे नाहीत, त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला. मी छातीला हात लावून सांगितलं, सर, दगड माझ्या घरी होता, माझ्या आईजवळ. कुणी बोट लावलेलं नाही.

कुंदाबाई : माह्या नावानं सांगितलं?

सुलक्षणा : तुझ्या नावानं. पुढे कुणी विचारलं नाही. कुणाच्या आईच्या पुढे कोण काय बोलणार? मग परवा मी एकटी होते. जांभळ्या उजेडाचा दिवा असतो आमच्याकडे, त्याच्याखाली दगड धरला. भेगेत पिवळं चमकलं.

डिंपल : सोनं?

सुलक्षणा : हळद. त्या दिव्याखाली हळद तशी चमकते. नंतर सरांनीही पाहिलं, म्हणाले, एखादं खनिज असेल, बघू. त्यांना वेगळं वाटायचं कारणच नव्हतं. मला मात्र ती भेग बघितल्याबरोबर चिऊची मान आठवली. आंघोळीनंतर तिच्या मानेच्या वळीत तशीच राहते, नीट धुतली तरी.

कुंदाबाई : मंग सरले सांगितलं तू?

सुलक्षणा : नाही. काही न बोलता बस पकडली. सगळ्या वाटेत म्हणत होते, नसेल. हळद कुणाच्या तरी हाताची लागली असेल. पारोळ्यापर्यंत तर मला पटलंही होतं.

कुंदाबाई : सुली, आता मी सांगते ते आयक. फोन आला की मले दे. मी सांगते त्या सरले, की मी सुलीची आई बोलू राह्यली, दगडाले कोनी शिवलं नही. चिऊच्या डोक्यावर हात ठेवून सांगते.

सुलक्षणा : आई!

कुंदाबाई : मंग दुसऱ्या कोनाच्या ठेवते. माह्या ठेवते. मी आता किती दिसाची? पोरीनं एवढं शिकायचं, आन माह्या वाटीभर दुधानं सारं वाहून जायचं? कोनाले कयनार हाये ते? गल्लीतल्या बाया काय पुन्याले चालल्या सांगाले?

डिंपल : ताई... माझ्याकडे व्हिडिओ आहे. आंघोळीचा. फक्त घरच्या ग्रुपवर टाकला होता, आणि माझ्या मम्मीला पाठवला. मी काढून टाकते. आत्ता. बघा, हा.

सुलक्षणा : थांब. दाखव आधी.

डिंपल : आवाज लहान करते, चिऊचा डोळा लागतोय.

सुलक्षणा : ...आई, तू गाणं म्हणतेस त्याला?

कुंदाबाई : न्हाऊ घालताना म्हनतेच ना मानूस काही. तोंड काय शिवून ठेवायचं?

सुलक्षणा : आणि पाठीखाली हात धरलायस. डोकं पडू नये म्हणून धरतात तसा.

कुंदाबाई : आता त्याचं डोकं कोन्या बाजूनं, मले काय मालूम? धरला सारखा. एवढ्या लांबून आलेला. आई ना बाप. दोन खोल्या पलीकडं तुह्यापाशी चिऊ रडू राह्यली, आन हा मुका. मले वाटलं, यालेबी कोनी घ्यावं.

डिंपल : काढू का, ताई? एक बटण आहे.

सुलक्षणा : नको. ठेव. म्हणजे मलाही आला होता तो. मी तेव्हा बघितलाच नाही. ग्रुपवर रोज चिऊचे इतके यायचे. त्यातलाच एक म्हणून सोडून दिला.

कुंदाबाई : मंग काय करायचं ठरवलं तू?

सुलक्षणा : कुणाला कळणार नाही, हे तुझं खरं असेल. पण बघ, मी नाही म्हटलं, की सर उद्या सगळ्यांसमोर सांगतील. मग कुणीतरी त्यावर पुढचं काम करील. कुणीतरी यंत्र बांधील. त्या यंत्रानं इतक्या ग्रहांवर तसंच काही सापडतंय का ते शोधत बसतील. माझ्यासारखीच कुणीतरी पोरगी, लेकरू आईजवळ टाकून. आणि शोधत काय बसतील? आपल्या गाईचं दूध.

कुंदाबाई : गाय नव्हती ती, म्हैस. हरणी.

सुलक्षणा : हरणीचं दूध.

डिंपल : सायीसकट.

कुंदाबाई : तू हसू नको व. वाजू राह्यला बघ फोन. सुली, अजून इचार कर. मी सांगते ना त्याले. दे मले.

सुलक्षणा : चिऊला घे. मीच बोलते.

(ती फोन कानाला लावून ओट्यावर जाते. आत ऐकू येतं ते तिचं एकटीचं बोलणं.)

सुलक्षणा : हॅलो, सर... हो, गावीच आहे. हो, विचारलं... नाही, सर. म्हणजे लावलं होतं. तेल, बेसन, दूध आणि हळद. नंतर ओव्याची धुरी... नाही सर, चेष्टा नाही. मी बाळंतीण होते, बाहेर येऊ शकले नाही. मीच आईला सांगितलं होतं... तिची चूक नाही, सर. तिनं केलं नसतं, तर दगड तापीत गेला असता... होय, ते पिवळं तेच. मला परवाच शंका आली होती... हो. परवाच सांगायला हवं होतं. चुकलं माझं... हो. व्हिडिओ आहे. पाठवते... सर, सोमवारी मी... हॅलो?... हॅलो?

कुंदाबाई : काय म्हने?

सुलक्षणा : म्हणाले, आज सांगितलंत, बरं झालं. उद्यावर गेलं नाही.

कुंदाबाई : आन सोमवारचं?

सुलक्षणा : फोन कट झाला.

डिंपल : रेंज नसेल. इथे ओट्यावर जातेच रेंज. परत लावा ना, ताई.

सुलक्षणा : रेंज होती, वहिनी.

कुंदाबाई : मी त्या दिसी दारातून सरकली असती, तं हे झालं नसतं. उंबऱ्यापरयंत येऊ देलं असतं तुले. एका घडीनं काय वारं लागनार व्हतं?

सुलक्षणा : तू नुसतं विचारलं असतंस, हे कशासाठी जपायचं, आणि मी नुसतं सांगितलं असतं... तुला विचारायची सवय मीच मोडली होती. जाऊ दे.

कुंदाबाई : एक इचारू? आता इचारते.

सुलक्षणा : विचार.

कुंदाबाई : माह्या दुधाच्या आधी त्यात काही असंन का? त्याचं सोताचं?

सुलक्षणा : असेल. दोन-चार मणी असतीलही. त्यासाठीच तर इतका जीव टाकला. पण वखारीत कुणी धुनी पेटवली, तर आबांना तरी फटीतून वास कळला असता का? आपलंच इतकं झालंय त्यात, की त्याचं ऐकू येत नाही आता.

कुंदाबाई : दुसरा पडंन एखादा.

सुलक्षणा : पडेल. कुणाच्या तरी शेतात.

डिंपल : ताई, दगड परत देतील का हो ते? म्हणजे त्यांच्या कामाचा नाही तर?

सुलक्षणा : देतील बहुतेक. तुकडे करून.

कुंदाबाई : दे म्हना. तुकडे असले तरी दे म्हना. घरचा हाये तो.

डिंपल : चिऊ उठली, मम्मी. आणि पाणी पार निवलं.

कुंदाबाई : परत तापव. आन ती वाटी सरकव इकडं. सुली...

सुलक्षणा : काय?

कुंदाबाई : हे लावू का हिले? दूध, हयद? का यानं हिचंबी काही बिघडंन?

सुलक्षणा : लाव, आई. मानेच्या वळीत नीट लाव. मी धरते.